साक्ष नोंदवताना

साक्षीदाराचा चेहरा पाहणारा न्यायाधीश एकच असतो. तो तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या कोर्टात बसतो. त्याच्या निकालावर अपील होतं, उच्च न्यायालय तो निकाल फिरवतं, कधी सर्वोच्च न्यायालय तोच पुन्हा कायम करतं. या सगळ्या काळात साक्षीदार मात्र आपल्या गावीच असतो. वर जातात ते कागद: फिर्याद, पंचनामे, निशाण्या आणि साक्षीदारानं जे सांगितलं त्याची नोंद. त्या नोंदीत जे उतरलं नाही, ते पुढच्या न्यायमूर्तींना दुसरीकडून कळायचा मार्ग नसतो.

दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर म्हणून मी १९८०च्या दशकाच्या शेवटी रुजू झाले आणि प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश म्हणून साठाव्या वर्षी निवृत्त झाले. किती निकाल दिले, त्यातले किती वर टिकले, असं लोक विचारतात. कुणाला फाशी दिली का, हेही विचारतात. साक्षी कशा नोंदवल्या, हे मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. माझ्या मते न्यायाधीशाचं निम्म्याहून अधिक काम तिथेच होऊन गेलेलं असतं. निकाल लिहायला बसेपर्यंत बरंचसं ठरलेलं असतं, आणि ते आपल्याच हातानं ठरलेलं असतं.

कॉलेजात आम्ही शिकलो ते निकाल. १९७३चा केशवानंद भारती, तेरा न्यायमूर्ती, सात विरुद्ध सहा. १९७६चा एडीएम जबलपूर आणि त्यात न्या. एच. आर. खन्ना यांचं एकट्याचं भिन्नमत. ते वाचताना ऊर भरून यायचा, आजही येतो. १९७८मध्ये सुजाता मनोहर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या होत्या, त्यामुळे आम्हा मुलींनाही मोठी स्वप्नं पाहायला बळ आलं होतं. जिल्हा कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे काही वर्षं ज्युनिअरशिप केली, लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली, निवड झाली आणि नेमणूक मिळाली ती मराठवाड्यातल्या एका तालुक्याला. बोर्डावर हद्दीचे दावे, वाटपाचे दावे, मनाई हुकमाचे अर्ज, पोटगी, बांधावरच्या मारामाऱ्या, दारूबंदीच्या केसेस. राज्यघटनेचा अर्थ लावायची वेळ त्या बोर्डावर येणार नव्हती. समोर पिंजऱ्यात टोपी हातात धरून एक म्हातारा शेतकरी उभा होता, आणि मला त्याचं म्हणणं लिहून घ्यायचं होतं.

साक्ष कशी नोंदवतात हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार उत्तर देतो आणि न्यायाधीश ते उत्तर सलग निवेदन करून टंकलेखकाला सांगतो. प्रश्न सहसा कागदावर येत नाही. ‘तुम्ही तेव्हा कुठं होता?’ ‘गोठ्यात.’ यातून नोंद होते, ‘त्या वेळी मी गोठ्यात होतो.’ बोलतो साक्षीदार, पण वाक्य न्यायाधीशाचं असतं. उलटतपासात तर सगळा मजकूर वकिलाचाच, साक्षीदार फक्त ‘व्हय’ किंवा ‘न्हाई’ म्हणतो, आणि कागदावर येतं, ‘हे म्हणणे खरे नाही की, जमिनीच्या वादावरून मी आरोपीस खोटे गुंतवीत आहे.’ ही रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. वेळ वाचतो, विस्कळीत बोलणं सुटसुटीत होतं. मात्र कायद्यानं एक वाट मोकळी ठेवली आहे: गरज वाटेल तिथे न्यायाधीशानं प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसंच्या तसं नोंदवावं. ती गरज नेमकी कोणत्या प्रश्नाला आहे, हे त्या क्षणी ओळखावं लागतं. दुसऱ्या दिवशी ओळखून उपयोग नसतो.

त्या म्हाताऱ्याला सरकारी वकिलांनी विचारलं, भांडण किती वाजता झालं. तो म्हणाला, ‘दिस कासराभर वर आला व्हता.’ वकील माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मॅडम, सकाळी सात लिहू या.’ मी ‘दिवस कासराभर वर आला होता’ असंच सांगितलं. फिर्यादीत वेळ साडेसहाची होती. मी सात लिहिलं असतं तर उलटतपासात आणि पुढे अपिलात ती अर्ध्या तासाची तफावत म्हणून मांडली गेली असती, आणि ती तफावत म्हाताऱ्याच्या माथी बसली असती. घड्याळ त्यानं कधी वापरलंच नव्हतं. अंतराचंही तेच. ‘हितून त्या लिंबापत्तुर’ म्हणून साक्षीदार खिडकीबाहेर बोट दाखवतो. बोट कागदावर येत नाही. मग दोन्ही वकिलांना विचारायचं, अंतर किती धरायचं, आणि लिहायचं: ‘साक्षीदार न्यायदालनाच्या खिडकीबाहेरील लिंबाच्या झाडाकडे निर्देश करतो, हे अंतर दोन्ही पक्षांच्या मते सुमारे ६० फूट आहे.’

साक्षीदार मान हलवतो, रडतो, गप्प राहतो, आरोपीकडे पाहून थबकतो. दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही प्रक्रिया संहितांनी साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल शेरा लिहिण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला आहे. जुन्या फौजदारी संहितेतलं ते २८०वं कलम. ते फार थोडे जण वापरतात, कारण शेरा लिहिला की न्यायाधीश एका बाजूला झुकला असं म्हणायला वाव मिळतो. मी ते वापरत आले, पण एक पथ्य पाळून. शेऱ्यात मत घालायचं नाही, दिसलं तेवढंच घालायचं. ‘साक्षीदार घाबरलेला दिसतो’ हे मत झालं. ‘प्रश्न विचारल्यावर साक्षीदार सुमारे अर्धा मिनिट गप्प राहिला, या वेळेत त्याने दोनदा आरोपी क्र. २ कडे पाहिले’ ही नोंद झाली. वरच्या न्यायमूर्तींना त्यातून काय वाटायचं ते वाटू द्यावं.

दिवाणी कामात मला सर्वांत जास्त शिकवलं ते वाटपाच्या दाव्यांनी. आजोबांनी दाखल केलेल्या दाव्यात मुलगा साक्ष देतो आणि नातू दरखास्त चालवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग शेतजमीन असेल तर प्रत्यक्ष तुकडे पाडायला कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग मोजणी, हरकती, मधेच कोणी वारलं की वारस रेकॉर्डवर आणायचे. या लांबणीत सर्वांत आधी नाव गळतं ते मुलींचं. महाराष्ट्रानं २२ जून १९९४पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५मध्ये केंद्राच्या कायद्यानं ती अट उरली नाही, आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२०मध्ये तो हक्क जन्मानंच मिळतो, कायदा बदलला त्या वेळी वडील हयात असण्याची गरज नाही, हे स्पष्ट केलं. कायदा असा पायरीपायरीनं चढत होता, आणि कोर्टात बहिणी येऊन सांगत होत्या की आम्हाला काही नको.

एका दाव्यात थोरल्या बहिणीनं हिस्सा मागितला होता. भावांची कैफियत अशी की सगळ्या बहिणींनी राजीखुशीनं हक्क सोडला आहे. त्यांनी धाकट्या बहिणीला साक्षीला उभं केलं. २००२च्या दुरुस्तीपासून दिवाणी दाव्यात सरतपास शपथपत्रावर होतो. वकिलाच्या ऑफिसात टाइप झालेला कागद येतो, साक्षीदार ‘ही सही माझी आहे’ म्हणतो आणि थेट उलटतपास सुरू होतो. या दुरुस्तीनं वेळ वाचला हे खरं. पण साक्षीदाराची पहिली, स्वतःच्या शब्दांतली हकिकत ऐकण्याची संधी न्यायाधीशाच्या हातून गेली, आणि ही किंमत मला जास्त वाटते. तिच्या शपथपत्रात ‘कोणत्याही दडपणाशिवाय व स्वखुशीने’ असं तीन ठिकाणी होतं. जुन्या पुरावा कायद्याच्या १६५व्या कलमाखाली न्यायाधीशाला कोणत्याही साक्षीदाराला कोणताही प्रश्न विचारता येत असे. मी विचारलं, ‘बाई, या कागदात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगता का?’ ती भावाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘दादा म्हनला सही कर. केली.’ मी पुढे विचारलं, ‘जमिनीचा हिस्सा सोडायचा आहे, हे कुणी सांगितलं होतं?’ ‘तसं कुनी बोललं न्हाई.’ दोन्ही प्रश्न आणि दोन्ही उत्तरं मी प्रश्नोत्तराच्या रूपात नोंदवली. भावांच्या वकिलांनी हरकत घेतली, तीही नोंदवली.

दोघी बहिणींना हिस्सा मिळाला आणि अपिलात तो टिकला. त्यानंतर त्या धाकटीचं माहेर राहिलं की तुटलं, हे कोर्टाच्या कागदात येत नाही, आणि न्यायाधीशानं ते विचारत फिरायचंही नसतं. मला मात्र ते जाणून घ्यायला आवडलं असतं. कायद्याचा हक्क कागदावर देणं आणि दिवाळीला भावाच्या दारात उभं राहणं, या दोन गोष्टी तिला एकाच आयुष्यात करायच्या होत्या.

तालुक्याचा न्यायाधीश प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारीही असतो. म्हणजे सकाळी वाटपाचा दावा आणि दुपारी रिमांड. अटक केलेल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे आणलंच पाहिजे, हे राज्यघटनेचं २२वं कलम. सुट्टीच्या दिवशी पोलीस त्याला घेऊन न्यायाधीशाच्या निवासस्थानी येतात. माझ्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असायची आणि बाहेरच्या खोलीत हातात बेडी घातलेला माणूस उभा असायचा. त्या माणसाला पोलिसांखेरीज पहिल्यांदा भेटणारं कुणी असेल तर ते आपण. ‘पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?’ हा प्रश्न ठरलेला, ‘नाही’ हे उत्तरही ठरलेलं, आणि ते रोजनाम्यात लिहून मोकळं होता येतं. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच दंड धरून उभा असेल तर दुसरं कोणतं उत्तर येणार?

मी पोलिसांना दाराबाहेर उभं राहायला सांगायची. मग प्रश्न. आणि मग, ‘इथून त्या भिंतीपर्यंत चालून दाखव.’ पारधी समाजातल्या एका तरुण मुलानं ‘तक्रार नाही’ असं सांगितलं, आणि चालताना त्याची टाच जमिनीला लागत नव्हती. तो चवड्यांवर चालत होता. मी तेवढंच नोंदवलं: ‘आरोपी तक्रार नाही असे सांगतो. चालताना दोन्ही टाचा टेकवत नाही. दोन्ही तळपायांवर सूज व निळसर डाग दिसतात.’ वैद्यकीय तपासणीचा हुकूम केला आणि पोलीस कोठडी नाकारून न्यायालयीन कोठडी दिली. गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला १९५२ साली. तांड्यावरची चोरी आणि तांड्यावरचा संशय या दोन्हींचा हिशेब मात्र अजून त्याच जुन्या वहीत लिहिला जातो, हे मी दंडाधिकारी म्हणून वारंवार पाहिलं.

कबुलीजबाबाचं काम मला सर्वांत अवघड वाटायचं. जुन्या फौजदारी संहितेच्या १६४व्या कलमाखाली कबुली नोंदवण्याआधी दंडाधिकाऱ्यानं आरोपीला सांगायचं असतं की तू बोलायला बांधील नाहीस, आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. विचाराला वेळ द्यायचा, आणि तो वेळ पोलिसांच्या ताब्यात जाता कामा नये. नकार दिलास तरी तुला परत पोलीस कोठडीत पाठवणार नाही, हेही त्याच्या मनात उतरवायचं. छापील प्रश्नावलीवर हे सगळं दहा मिनिटांत उरकता येतं. मी माणूस बसवून घेत असे, पाणी देत असे, घरी कोण कोण आहे ते विचारत असे. रात्र मध्ये गेल्यावर दुसऱ्या दिवशी ‘मला काही सांगायचं नाही’ म्हणणारे पुष्कळ निघाले. तपास अधिकारी नाराज व्हायचे. त्यांची नाराजी हा माझ्या कामाचा भाग होता.

सत्र न्यायाधीश झाल्यावर रोजची गाठ पडली ती जळालेल्या बायकांशी. खरं तर त्यांच्या कागदांशी, कारण त्या कोर्टात कधीच आल्या नाहीत. नव्वदच्या दशकात असा एक महिना गेला नसेल की बोर्डावर रॉकेल, स्टोव्ह आणि नव्वद टक्के भाजल्याची केस नव्हती. मृत्युपूर्व जबाब हाच पुरावा. नागपूरच्या खुशाल राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९५७मध्येच सांगितलं होतं की तो जबाब विश्वासार्ह असेल तर दुसऱ्या आधाराशिवायही शिक्षा देता येते. पुढे २००२मध्ये लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात घटनापीठानं ठरवलं की रुग्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा शेरा नसला तरी, जबाब घेणाऱ्याची त्याबाबत खात्री असेल तर केवळ त्यावरून जबाब बाद होत नाही. कायदा असा स्पष्ट आहे. पण एका बाईचे दोन जबाब असतात. पहिला तालुक्याच्या दवाखान्यात हवालदारानं घेतलेला, ‘स्टोव्हचा भडका झाला’. दुसरा जिल्हा रुग्णालयात नायब तहसीलदारांनी घेतलेला, ‘नवऱ्यानं रॉकेल ओतलं’. बचावाचे वकील पहिला धरतात, सरकारी वकील दुसरा. बाई गेलेली असते.

अशा खटल्यांत माझा एक प्रश्न ठरून गेला. जबाब घेणाऱ्या प्रत्येक साक्षीदाराला मी स्वतः विचारायची, ‘त्या वेळी खाटेजवळ कोण कोण होतं?’ सरतपासात हा प्रश्न फार क्वचित येतो. एका खटल्यात हवालदारानं सरळ उत्तर दिलं, ‘नवरा आणि सासू होते.’ नायब तहसीलदार म्हणाले, ‘मी सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेतलं.’ दुसरा जबाब मी खरा धरला, जन्मठेप झाली आणि उच्च न्यायालयानं ती कायम करताना याच प्रश्नोत्तराचा उल्लेख केला. दुसऱ्या एका खटल्यात हाच प्रश्न उलटा फिरला. दुसरा जबाब घेताना बाईची आई आणि मामा खाटेजवळ होते, आणि पहिला जबाब घेणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की तेव्हा सासरचं कुणीच नव्हतं. तो माणूस सुटला. त्या दिवशी कोर्टाबाहेर बाईच्या आईनं फोडलेला टाहो मी चेंबरमध्ये ऐकला. निकाल बरोबर होता असं मी आजही मानते, आणि तो टाहोही खरा होता.

बलात्काराच्या खटल्यांत तर नोंदीचा प्रश्न आणखी टोकाचा होतो. माझ्या पिढीच्या वकिलांनी मथुरा प्रकरण वाचूनच या विषयात पाऊल टाकलं. १९७२ची देसाईगंज पोलीस ठाण्यातली घटना. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं १९७८मध्ये पुन्हा सोडलं. १९७९मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३मध्ये कायदा बदलला. मला त्यात कायम खुपत आलेली गोष्ट ही की तीनही न्यायालयांपुढे साक्ष तीच होती. एकाच मुलीचे तेच शब्द. ती प्रतिकार का करू शकली नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगू देणारा प्रश्न खटला चालताना कुणी विचारला असता, तर वर वाचणाऱ्यांना अंगावर जखमा नाहीत एवढ्यावर थांबता आलं असतं का?

पीडितेच्या चारित्र्यावर प्रश्न विचारण्याची मुभा देणारं कलम २००२च्या दुरुस्ती कायद्यानं काढून टाकलं. पण अश्लील, अपमान करणारे, केवळ छळण्यासाठी विचारलेले प्रश्न थांबवण्याचा अधिकार पुरावा कायद्याच्या १५१ आणि १५२ कलमांनी न्यायाधीशाला १८७२पासूनच दिलेला होता. शंभर वर्षांहून अधिक काळ तो पुस्तकात होता आणि फार थोड्या न्यायाधीशांनी तो उचलला. मी हे रागानं लिहीत आहे. कायदा अपुरा होता, ही सबब या एका बाबतीत खरी नाही.

२०१२मध्ये पॉक्सो कायदा आला आणि लहान मुलांच्या साक्षीची पद्धत बदलली. मुलाला वकिलानं थेट प्रश्न विचारायचा नाही, तो न्यायाधीशामार्फत जायचा. मुलाला आरोपी दिसता कामा नये. मध्ये मध्ये विश्रांती द्यायची. विशेष न्यायालयाचं काम माझ्याकडे होतं तेव्हा मी डायसवरून उतरून मुलाशेजारी खुर्चीवर बसायची. काळा कोट काढून ठेवायची. लहान मुलाची साक्ष घेण्याआधी ते प्रश्न समजून उत्तर देऊ शकतं का हे पाहावं लागतं, आणि त्या तपासणीचे प्रश्नही नोंदवावे लागतात. ‘खरं बोलणं म्हणजे काय?’ असं विचारलं की मुलं गोंधळतात. मी विचारायची, शाळेत बाई कोणत्या, डब्यात काय होतं, बाकावर शेजारी कोण बसतं. एका सात वर्षांच्या मुलीनं शेजारणीचं नाव सांगितलं आणि वर सांगितलं, ‘ती माझं रबर घेते आणि नाही म्हणते.’ खरं-खोटं तिला कळतं याची याहून चांगली खूण मला नको होती. ते वाक्य मी तसंच नोंदवलं. बचावाच्या वकिलांनी नंतर त्यावर एक शब्दही काढला नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या स्मृती बडदे प्रकरणात असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष-केंद्रं देशभर उभारायला सांगितली. आता अशी केंद्रं मी पाहून आले आहे: भिंतींवर चित्रं, मुलांच्या उंचीच्या खुर्च्या, आरोपीसाठी वेगळं दार.

बदल्यांबद्दल न्यायाधीशांच्या घरची मंडळी अधिक बोलू शकतील. तीन वर्षं झाली की सामान बांधायचं. आपल्या मूळ जिल्ह्यात नेमणूक नाही, गावात जिवाभावाची मैत्री नाही, लग्नाची निमंत्रणं टाळायची. ही रीत जुनी आहे. महादेव गोविंद रानडे पुण्यात सबजज्ज असताना सरकारनं त्यांना आधी नाशिकला आणि १८७९मध्ये धुळ्याला पाठवलं, आणि त्या दिवसांत घरातलं वातावरण कसं होतं हे रमाबाई रानड्यांच्या आठवणींत वाचायला मिळतं. उच्च न्यायालयात ते पोचले १८९३ साली. मला बदलीचा त्रास वेगळ्या कारणानं व्हायचा. अर्धवट साक्षीतला खटला मागे राहायचा. पाच साक्षीदार मी ऐकलेले, उरलेले सात माझ्या जागी येणारा ऐकणार, आणि निकाल तो देणार. कायदा त्याला माझ्या नोंदीवर विसंबून पुढे जायला मुभा देतो. म्हणजे ज्याला कागदच वाचावा लागणार तो न्यायाधीश मुंबईत किंवा दिल्लीतच असतो असं नाही, तो पुढच्या जूनमध्ये माझ्याच खुर्चीत बसणार असतो. बदलीचा हुकूम आला की मी अर्धवट खटल्यांच्या साक्षी स्वतः एकदा वाचून काढायची, सह्या, निशाण्यांचे क्रमांक, मुद्देमालाची नोंद जुळते का ते पाहायची. चार्ज सोडायच्या आदल्या रात्री नाझर आणि मी दिवे जाईपर्यंत बसलो आहोत.

प्रमुख जिल्हा न्यायाधीश झाल्यावर साक्षी लांब गेल्या. इमारतीचं छत, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, लोकन्यायालयं, तुरुंगाच्या भेटी, वकील संघाशी बैठका. कामं महत्त्वाची होती, त्यावर जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. करोनाच्या काळात पडद्यावरून कामकाज चाललं, आणि तेव्हा लक्षात आलं की पडद्यावर साक्षीदाराचा चेहरा दिसतो पण हात दिसत नाहीत, पाय दिसत नाहीत, आणि त्याच्या खोलीत दाराआड कोण उभं आहे तेही दिसत नाही. नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४पासून लागू झाले. कलमांचे आकडे बदलले, साक्ष दृक्-श्राव्य माध्यमातून घेण्याची वाट रुंद झाली. साक्षीचं चित्रीकरण वरच्या न्यायालयात पोचू लागलं तर मला आनंदच होईल. चेहरा पाहणारा न्यायाधीश मग एकच राहणार नाही.

उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमीत नव्यानं निवडलेल्या न्यायाधीशांशी बोलायला मला अधूनमधून बोलावतात. मी त्यांना साक्ष नोंदवण्याचा सराव करायला लावते. दोघं जण एक भांडण करून दाखवतात, तिसरा साक्षीदार होतो, बाकीचे नोंद लिहितात. मग सगळ्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचायच्या. एका भांडणाची बारा भांडणं झालेली असतात. साक्ष संपल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, आणि ‘वाचून दाखवली, बरोबर आहे’ हे शेवटचं वाक्य न वाचताच टाइप होतं, तसं करू नका, हेही सांगते. साक्षीदारानं एखाद्या नोंदीला हरकत घेतली, तर ती दुरुस्त करता येते किंवा त्याच्या हरकतीची टीप खाली जोडता येते. ‘म्या बघितलं न्हाई, ऐकलं’ असं शेवटच्या क्षणी सांगणारे साक्षीदार मला भेटले आहेत. त्या एका शब्दावर माणूस तुरुंगात जातो किंवा घरी.

मागच्या खेपेला तिथे एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, ‘मॅडम, बोर्डावर शंभर मॅटर्स असतात. डिस्पोजलचं युनिट भरायचं असतं. हे सगळं रोज कसं जमणार?’ प्रश्न रास्त होता. रोज जमत नाही, असंच मी सांगितलं. मग सांगितलं की साडेदहाला चेंबरमध्ये शिरस्तेदारांना आधी विचार, साक्षीदार कोणत्या खटल्यात आले आहेत आणि कुठून आले आहेत. एसटीनं लांबून आलेल्याला, मजुरी बुडवून आलेल्याला, लेकरू कडेवर घेऊन आलेल्या बाईला आधी घे. वकिलांचे अर्ज, मुदती, युक्तिवाद दुपारी होतील. ताज्या डोक्याचे ते पहिले दोन तास साक्षीसाठी ठेव, आणि आलेला साक्षीदार तपासल्याशिवाय परत पाठवू नकोस, कारण दुसऱ्यांदा तो येईलच असं नाही, आणि आला तरी मधल्या महिन्यात त्याला कोण कोण भेटून गेलं असेल ते तुला कळणार नाही. तिनं वहीत लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला: साक्षीदार आला आणि सरकारी वकीलच आले नाहीत तर? त्यावर वर्गात जी चर्चा सुरू झाली ती जेवणाची घंटा होऊन गेली तरी थांबली नव्हती.